नलूताईचं बालमंदिर आणि अण्णांचं कुलूप

नलूताई, तुझ्या जाण्याने गिरणगावातल्या बालशिक्षणाचा आधारवड कोसळला आहे.

हे मी म्हणत नाही. आपल्या टॉवरच्या फाटकावर भलामोठा फ्लेक्स लावलाय, तो म्हणतो. मजकूर तपासायला माझ्याकडेच आला होता. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली, त्या गुन्ह्याची शिक्षा म्हणून या गल्लीतले सगळे मृत्यू अजून माझ्या चष्म्याखालून जातात. चार महिन्यांत हा तिसरा आधारवड. पहिले उत्सव मंडळाचे माजी खजिनदार, दुसरे मसाल्याच्या गिरणीचे मालक, तिसरी तू. सबंध गल्लीत झाड म्हणून एक नाही. जे होतं ते टॉवरचा पाया खणताना गेलं. पण फ्लेक्सवाल्याच्या संगणकात वाक्य तयार असतं, फोटो तेवढा बदलतो. तुझ्या फोटोत तू हसते आहेस. फोटो काढताना तू हसलेली मला आठवत नाही, तेव्हा तेही बहुधा संगणकानेच उरकलं असावं. खाली सोळा शोकाकुल चेहरे आहेत, सगळे प्रसन्न. त्यांतला बबनचा तुझ्या चेहऱ्यापेक्षा मोठा आहे.

बबन म्हणजे आपली जुनी चाळ चालवणाऱ्या अण्णांचा मुलगा, तुझ्या पहिल्या तुकडीतला. आता तो बबनराव, आणि सोसायटीचा अध्यक्ष. तू त्याला शेवटपर्यंत लिफ्टमध्ये गाठून "नाक पुसलंस का रे?" विचारायचीस, ते त्याने फ्लेक्सवर घेतलेलं नाही.

शोकसभेत त्याने एक पत्रकही वाटलं. त्यात बालमंदिराचा इतिहास आहे. "एका तेजस्वी ध्यासातून मुहूर्तमेढ रोवली गेली," अशी सुरुवात. मी तिथे होतो, ताई. ध्यास वगैरे नव्हता. गिरण्या बंद पडल्या, बाप्ये घरी बसले, बाया मसाला कांडायला आणि डबे करायला बाहेर पडल्या, आणि पोरं दिवसभर गॅलरीतून जिन्यात आणि जिन्यातून रस्त्यावर. एकाचा हात मोडला. तेव्हा अण्णांनी तळमजल्यावरची तीन नंबरची खोली मोकळी करून दिली. तिथे कॅरमचा बोर्ड आणि मंडळाचे बांबू पडलेले असत. आणि पोरांना सांभाळायला तू, कारण दादरला जाऊन माँटेसरीचा कोर्स केलेली चाळीत तू एकटीच होतीस आणि तुला कुठल्याही शाळेने ठेवून घेतलं नव्हतं. तीन शाळांत तू मुख्याध्यापिकांशी भांडली होतीस. तेजस्वी ध्यास असलाच तर तो तुला गप्प बसवण्याचा होता, आणि तो त्या मुख्याध्यापिकांचा होता.

साधनं विकत आणणं शक्यच नव्हतं. ती पास्कलने केली. पास्कल चिंचपोकळीचा, गिरणीच्या सुतारखात्यातला, नुकताच रिकामा झालेला. तू त्याला पुस्तकातलं चित्र दाखवलंस आणि त्याने दारं-खिडक्यांच्या उरलेल्या सागातून सगळं उभं केलं. उतरत्या मापाच्या दहा ठोकळ्यांचा गुलाबी मनोरा. लाकडी दट्टे आपापल्या भोकात बसवायची दट्ट्यापेटी. बटणांची चौकट. मनोऱ्याचा गुलाबी रंग गणपतीच्या मंडपातला उरलेला, म्हणजे गुलाबी कसला, डोळे दिपवणारा राणी रंग. दादरहून तुझ्या कोर्सच्या बाई बघायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "ही छटा शास्त्रशुद्ध नाही." पास्कल म्हणाला, "बाय, पोरांना कुठे शास्त्र म्हाईत? त्यांना दिसतंय ना?"

त्याच बाईंनी मग दट्ट्यापेटी एका पोरीपुढे ठेवली. पोरीने नऊ दट्टे बसवले आणि चौथा बाजूला ठेवून दिला. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. "हा का नाही बसवलास, बाळ?" पोरगी म्हणाली, "तो पावसात नाय बसत. दिवाळीत बसतो." लाकूड फुगायचं. चाळीतल्या प्रत्येक मुलाला ते ठाऊक होतं. बाईंच्या अहवालात मात्र 'आकलन अपुरे' अशी नोंद आली. तो अहवाल तू फाडायला निघालीस, मी ठेवून घेतला. मला असल्या गोष्टी जमवायची खोड आहे, आणि पुढे सांगणार आहे तो माझा गुन्हाही त्या खोडीतलाच.

बबनच्या पत्रकात पाळीबद्दल एक अक्षर नाही. बालमंदिर चाललं ते पाळीवर. महिन्यातून एक सकाळ प्रत्येक घरातल्या एका मोठ्या माणसाने यायचं, खोली झाडायची, पाण्याचं पिंप भरायचं, आणि मग कोपऱ्यातल्या बाकावर बसून राहायचं. मुलांना मदत करायची नाही. बोलून नाही, खुणेने नाही. हात आपोआप पुढे जातात म्हणून ते मांडीखाली घेऊन बसायचं. गिरणीत पाळ्या करून आलेली, मागाच्या साच्यावर उभी राहून पायांच्या शिरा सुजलेली माणसं, आणि तू त्यांना स्वतःच्या हातांवर बसवलंस. पहिल्या महिन्यात चाळ हसली. तळमजल्यावरच्या पारूवहिनी नातवाला एका वाटीतून दुसऱ्या वाटीत तांदूळ ओतताना बघून ओरडल्या होत्या, "बाई, ह्यां काय शिक्षण? घरात सांडतत तां काय कमी आसा?" दुसऱ्या महिन्यात त्याच वहिनी हातांवर बसून, दात आवळून, नातवाने सांडलेला एकेक दाणा त्याचा तो वेचताना बघत होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "जीव गेलो माझो. पण वेचल्यान."

माझ्या पहिल्या पाळीला मी नापास झालो. बबन बटणांच्या चौकटीपुढे बसला होता आणि एकच बटण अर्धा तास त्याच्याशी वैर धरून होतं. माझ्याने बघवेना. मी पुढे वाकून ते लावलं. तू खोलीच्या त्या टोकाला होतीस, पाठमोरी. तरी तुला कळलं.

"दिन्या, बाहेर हो."

"अगं एक बटण—"

"झालं. आता हा जन्मभर दुसऱ्याकडून बटणं लावून घेणार. बाहेर हो."

तुझ्या शोकसभेत व्यासपीठावर चढण्याआधी बबनच्या जाकिटाचं बटण त्याच्या मदतनिसाने लावलं. मी दुसऱ्या रांगेत होतो, स्वच्छ पाहिलं. तू जिवंत असतीस तर मान वळवून माझ्याकडे बघितलं असतंस, आणि ते मला सहन झालं नसतं. एवढ्यापुरतं तुझं नसणं सोयीचं पडलं.

आता कुलूप. आपलं खरं भांडण तिथून सुरू झालं.

दुसऱ्या वर्षी मनोरा आणि दट्ट्यापेटी बघायला दुसऱ्या चाळींतून माणसं यायला लागली. अण्णांची छाती फुगली. आणि आपल्या माणसांना एखादी गोष्ट फार आवडली की ती जे करतात तेच त्यांनी केलं: तिच्यासाठी शोकेस आणली. लालबागच्या सुताराकडून काचेच्या दाराची, वर नक्षी असलेली. चाळीत ज्याच्या घरी शोकेस होती त्याच्या घरी तिच्यात न वापरलेले कप, न वाजणारं घड्याळ आणि लग्नात आलेली बाहुली असायची. आता बालमंदिरातही साधनं काचेमागे, मुलं काचेपुढे. अण्णांनी समितीच्या सभेत ठराव मांडला: "साधने खराब होऊ नयेत व पाहुण्यांना नीट दिसावीत म्हणून ती कुलूपबंद ठेवावीत." अण्णा बसले. तू उभी राहिलीस. तू म्हणालीस, "ही साधनं मुलांच्या हातांसाठी आहेत." पुढचं वाक्य तुझ्या तोंडात होतं तेवढ्यात टाळ्या झाल्या, आरतीची वेळ झाली होती, सगळे उठले.

मी समितीचा चिटणीस. आपल्या सभांची रीत तुला माहीत होती, मलाही होती: ठराव मांडणारा सूचक, आणि तो बसल्यावर जो कोणी उभा राहील तो अनुमोदक. विरोध करायला कोणी उभं राहतं, ही कल्पनाच रीतीत नव्हती. मी घाईत लिहिलं: 'सूचक अण्णा. अनुमोदक नलिनीताई. टाळ्यांच्या गजरात मंजूर.' पुढच्या सभेला तू नव्हतीस, गोवराची साथ होती आणि तू पोरांच्या घरी फिरत होतीस. इतिवृत्त वाचलं गेलं, कायम झालं. म्हणजे बालमंदिराची साधनं कुलपात टाकण्याला, कागदोपत्री, तुझा पाठिंबा होता. महिन्याभराने तू ते वाचलंस.

"दिन्या, ती ओळ खोड."

"कायम झालेलं इतिवृत्त खोडता येत नाही, ताई."

"तू दिवसभर लोकांच्या चुका खोडतोस की!"

"त्या छापायच्या आधी."

"तीन वर्षांचं पोर आपली चूक दिसली की आपण होऊन ठोकळा काढतं. तुला काय होतं?"

मला काय होत होतं ते सांगतो, इतक्या वर्षांनी. मला अण्णांची भीती वाटत होती. नियम मी नंतर शोधला.

कुलूप तू नियमाने काढलं नाहीस. तू पास्कलला बोलावलंस. त्याने शोकेसभोवती दोन फेऱ्या मारल्या, कुलपाकडे बघितलं, अण्णांच्या कमरेच्या किल्लीकडे बघितलं, आणि म्हणाला, "लॉक अण्णाचा हाय, त्याला हात नाय लावायचा. आपण दुसरीकडनं जाऊ." बिजागऱ्यांतल्या सळया त्याने काढल्या, कानशीने घासल्या, परत घातल्या. खालून बोटाने ढकललं की सळई वर यायची, दार उलट्या बाजूने उघडायचं. कुलूप जागच्या जागी. पुढे अण्णा होते तोवर शोकेसला कुलूप होतं, किल्ली अण्णांकडे होती, आणि रोज सकाळी चार वर्षांची पोरं बिजागरीकडून दार उघडून मनोरा काढत आणि बारा वाजता परत ठेवत. पाहुणे आले की अण्णा किल्लीने कुलूप उघडत. पोरं रांगेत उभी राहून आदराने बघत. एकानेही सांगितलं नाही. बबननेही नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो. त्याच्या बाजूने नोंदवावं असं फार नाही.

तू ती ओळ विसरली नाहीस. दर दिवाळीला फराळाचं ताट घेऊन यायचीस आणि ताट खाली ठेवायच्या आधी विचारायचीस, "खोडलीस?" तुझी चकली वातड असायची आणि तुझा चहा म्हणजे शिक्षा, पण तो प्रश्न ताजा असायचा. मी दर वर्षी नवा नियम सांगायचो. शेवटी, चाळ पाडायच्या आधी, मी सांगितलं की रजिस्टर हरवलं. सामान हलवताना गेलं असेल, म्हणालो. तू ताट खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "बरं झालं. सुटलास."

हरवलं नव्हतं, ताई. भाड्याच्या घरात पलंगाखाली होतं, आता नव्या घरात माळ्यावर आहे. फेकवत नव्हतं आणि उघडवत नव्हतं.

टॉवरबद्दल काय लिहू? तुला त्यात जेमतेम चार महिने मिळाले. एकोणिसाव्या मजल्यावरून तू खाली बघायचीस आणि म्हणायचीस, "इथून पोरं सारखीच दिसतात. बिल्डरलाही अशीच दिसत असणार." सुरुवातीच्या नकाशात तळमजल्यावर एक चौकोन होता, त्यात बारीक अक्षरांत 'बालमंदिर'. संमतीपत्रांवर सह्या घेताना बबन सगळ्यांना तो चौकोन बोटाने दाखवायचा. मीही त्याच चौकोनाकडे बघून सही केली. दुसऱ्या नकाशात चौकोन पार्किंगच्या डोक्यावरच्या पोडियमवर गेला. तिसऱ्यात तो 'बहुउद्देशीय' झाला. चौथा नकाशा तू मला तुझ्या हॉलमध्ये जमिनीवर पसरून दाखवलास, भिंग घेऊन. चौकोन होता. आत लिहिलं होतं: फिटनेस सेंटर.

शेजारच्या इमारतीत त्याच आठवड्यात एक आंतरराष्ट्रीय प्लेस्कूल उघडलं होतं. तिथे तीन वर्षांच्या मुलांना काळा झगा आणि झुपकेवाली टोपी घालून पदवीदान करतात. फोटो तू पाहिलास आणि इतकी हसलीस की ठसका लागला. "ह्यांनी मुलं घेतलीच कशाला? पुतळे घ्यायचे." मग हसणं थांबलं.

"येत्या रविवारी सभा आहे. तू उभा राहा, दिन्या. माझ्याने फार वेळ उभं राहवत नाही."

"मी उभा राहिलो तर मला अनुमोदक करतील."

"करू देत. पण आधी विरोध आहे म्हण. मोठ्याने."

"या वेळी पार्किंगचा विषय आहे, गोंधळ होईल. पुढच्या सभेत बघू."

"पुढची सभा म्हणजे तुझं गाव आहे," तू म्हणालीस. "तिथेच राहतोस तू."

तू गुरुवारी गेलीस. रविवारची सभा होतीच. ती रद्द करून दुसरी बोलावण्यापेक्षा विषयपत्रिकेत वर एक ओळ वाढवली, तीच तुझी शोकसभा. एक, श्रद्धांजली. दोन, पार्किंग. तीन, फिटनेस सेंटर. दोन मिनिटांचं मौन पस्तीस सेकंदांत आटोपलं, मी घड्याळ लावून बसलो होतो. त्यातही कुणाचा तरी फोन वाजला आणि तो माणूस हळू आवाजात "मौनात आहे, मौनात" असं सांगत राहिला.

मग बबन बोलला. तू पांढऱ्या साडीतली ज्ञानज्योत होतीस, असं कळलं. तू पांढरी साडी कधी नेसली नाहीस. हिंदमाताच्या बाजारातून मळखाऊ रंगाच्याच आणायचीस, कारण पोरं हात पुसतात. तू मुलांना संस्कार दिलेस, असंही कळलं. तो शब्द कोणी काढला की तू खोलीतून उठून जायचीस. पण हे सगळं मी गिळलं. शोकसभेत मेलेल्या माणसाची ओळख पटू नये, असा संकेतच असतो. पुढचं मात्र ऐक.

"बाईंचं बालमंदिर," बबन म्हणाला, "चार भिंतींत मावणारं नव्हतं. ते आपल्या मनामनात आहे. म्हणून त्याला पुन्हा चार भिंतींत कोंडण्याचं पाप आपण करणार नाही."

काय वाक्य आहे, बघ. एक अख्खी खोली एका वाक्यात गिळली, वर पाप टाळल्याचं पुण्य. मी पंचेचाळीस वर्षं भाषणं तपासली, इतकी सफाई क्वचित पाहिली. पुढे त्याने जाहीर केलं की लॉबीत तुझ्या स्मरणार्थ बाईंची मूळ साधनं कायमस्वरूपी ठेवण्यात येतील. शोकेसमध्ये. अण्णांच्याच शोकेसमध्ये, जी त्याने इतकी वर्षं आपल्या गोदामात जपून ठेवली होती. कुलूपबंद. वर दिवा. तुझ्या भाचीने मनोरा आणि पेटी त्याच्या स्वाधीन केली होती. बिचारीला वाटलं, शाळेसाठी मागतायत.

बबन बसला. मी उभा राहिलो.

ताई, मी खरोखर उभा राहिलो. गुडघे कुरकुरले, खुर्ची मागे घसरली, सगळ्यांनी वळून बघितलं. मी म्हणालो, "माझा विरोध आहे." मोठ्याने म्हणालो, निदान मला तसं वाटलं. माइक बबनकडे होता, डोक्यावर पंखा घरघरत होता, आणि 'माझा' एवढ्यावरच टाळ्या सुरू झाल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मागे वळून माझा हात दाबला. "तुम्ही किती जवळचे होता ना त्यांच्या," म्हणाल्या.

रात्रीच्या जेवणाआधी इतिवृत्त ग्रुपवर आलं. हल्ली सगळं भराभर होतं. 'अनुमोदक: श्री. दिनकरकाका.'

सोमवारी मी मनालीकडे गेलो. मनाली म्हणजे सोसायटीची सचिव. सातव्या मजल्यावर राहते, नव्याने फ्लॅट घेतलेल्यांपैकी, हुशार मुलगी. ती लॅपटॉपवर काम करत होती. मी म्हटलं, नोंद चुकली आहे.

"पण काका, तुम्ही उभे राहिलात ना?"

"विरोधाला उभा राहिलो, बाळ."

"विरोधाला कोण उभं राहतं, काका? विरोध ग्रुपवर टाकतात."

"मग आता ही ओळ काढ."

ती खरंच ओशाळली. "काढली असती हो. पण सगळ्यांनी अंगठे दिलेत. आता पुढच्या सभेतच."

मी हसलो असतो, पण ते हसू तुझं होतं, तू असतीस तर शोभलं असतं. घरी येऊन मी माळ्यावरून रजिस्टर काढलं. तो अहवालही आत तसाच होता, 'आकलन अपुरे' म्हणणारा. ते पान सापडायला वेळ लागला नाही, बोटांना ठाऊक होतं. लाल पेनने ती ओळ खोडली. समासात, मुद्रितावर करतो तशी खूण केली, आणि लिहिलं: 'नलिनीताईंचा विरोध होता. त्यांना बोलू दिले गेले नाही. चुकीची नोंद करणारा मी.' खाली सही. नियमाप्रमाणे या दुरुस्तीला काही किंमत नाही, कोणत्याही सभेत ती वाचली जाणार नाही. समिती नाही, चाळ नाही, अण्णा नाहीत. आणि विचारायला तू नाहीस. तुला तोंडावर सांगायची हिंमत चाळीस वर्षांत झाली नाही, ती तुझ्या पश्चात दहा मिनिटांत झाली, यावरून माझी योग्यता तूच ठरव.

शोकेस पुढच्या आठवड्यात लॉबीत आली. सजावटवाल्याने तिला पॉलिश केलंय, खाली संगमरवर, वर पिवळा दिवा. पितळी पाटीवर तुझं नाव. मनोरा मात्र त्याने मनाने रचला. मधले दोन ठोकळे अदलाबदल करून, जरा तिरपा. बबनने विचारलं तेव्हा म्हणे तो म्हणाला, "सर, असं जास्त डायनॅमिक दिसतं."

दुपारी मी पेपर घेऊन लॉबीतल्या सोफ्यावर बसतो. वर घरात माळा दिसतो म्हणून. मनालीची रेवा, चार वर्षांची, शाळेच्या बसमधून उतरून आली आणि काचेला नाक लावून उभी राहिली. तिच्या शाळेत टॅबलेट आहेत. हा मनोरा तिने जन्मात पाहिला नव्हता.

बराच वेळ बघून ती म्हणाली, "आजोबा, हे चुकलंय."

"काय चुकलंय?"

"तो मोठा आहे, तो खाली पायजे."

मी उठलो. खालच्या बिजागरीला बोट लावलं. पॉलिशचा पापुद्रा फुटला आणि सळई वर आली. मग वरची. पास्कल जाऊन किती वर्षं झाली, त्याची कानस अजून काम करते.

रेवाने दहाही ठोकळे खाली संगमरवरावर घेतले. मी सोफ्यावर जाऊन बसलो. सहावा आणि सातवा तिने उलटे ठेवले, आणि माझे हात निघाले. खरंच निघाले, ताई, या वयात. मी ते मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसलो. ती थांबली. एक डोळा मिटून बघितलं. वरचे सगळे उतरवले, सातवा काढला, सहावा लावला. तिच्या मागे वॉचमन येऊन उभा राहिला होता. "काका, लॉक तो लगा है. खोला कैसे?" मी म्हटलं, "दरवाजा है भाई, खुल गया." त्याने कुलपाकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि आपल्या पगारात हा विषय बसत नाही असं ठरवून तो फाटकाकडे गेला. हात सुन्न झाले होते. चांगलं वाटलं, एवढंच लिहितो. जास्त लिहिलं तर फ्लेक्स होईल.

खोली मिळालेली नाही. तिथे धावायचे पट्टे बसवलेत, लोक काचेसमोर उभे राहून जागच्या जागी धावतात. पुढच्या सभेला मी जाणार आहे आणि उभा राहणार नाही. बसूनच ओरडणार आहे. त्याचं काय होईल, तुला माहीत आहे, मलाही आहे. दुपारी मात्र आता तिघं येतात. रेवाने बाकीच्या दोघांना सळई कशी ढकलायची ते दाखवलं. मी दाखवलं नाही, मी हातांवर बसलो होतो. दट्ट्यापेटीतला चौथा दट्टा बसत नाहीये. सध्या दमट हवा आहे, मी काही बोललो नाही. दिवाळीत त्यांचं त्यांना कळेल.

गेल्या बुधवारी ग्रुपवर सूचना आली: 'स्मृतिकक्षातील वस्तूंना अज्ञात व्यक्तीने हात लावून त्यांची मूळ मांडणी बिघडवली आहे. कुलूप शाबूत असल्याने प्रकार गंभीर आहे. सुरक्षेसाठी अध्यक्षांनी तातडीने उपाययोजना केली आहे.'

कालच ती बघून आलो. बबनने दुसरं कुलूप बसवलंय, पहिल्याच्या बरोबर खाली.